मुसव्विर जंग राजा लाला दीनदयाळ

जुन्या घराण्यांच्या दिवाणखान्यात देव्हाऱ्याच्या खालोखाल मानाची जागा असते ती पूर्वजांच्या तसबिरींची. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे, एक हात कोरीव खुर्चीच्या पाठीवर, आणि मागे रंगविलेल्या पडद्यावरचा एखादा खांब किंवा बगिचा, अशी पिवळसर पडलेली पणजोबांची प्रतिमा बहुतेक घरांत असते. श्राद्धपक्षाच्या दिवशी तिला हार पडतो. एरवी तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ती प्रतिमा कोणी घेतली, त्याला त्याबद्दल काय मिळाले आणि तेवढ्यावर त्याचा संसार कसा चालला, हा प्रश्न तर सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः माणसाचे मुख हुबेहूब उतरवून देणे व त्या मोबदल्यावर आपला व आपल्या माणसांचा योगक्षेम चालविणे हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या देशात नव्यानेच उदयास आलेला व्यवसाय होता. त्या व्यवसायाला राजदरबारी प्रतिष्ठा आणि बाजारात पत मिळवून देणाऱ्या पुरुषांत हैदराबादचे राजा लाला दीनदयाळ यांचे नाव अग्रभागी येते.

लालाजींचा जन्म १८४४ साली मीरतजवळील सरधना या गावी एका जैन जवाहिरी कुटुंबात झाला. रत्नांची पारख करणाऱ्या घराण्यातील मुलाने पिढीजात पेढीवर बसावयाचे, हा सर्वमान्य क्रम. परंतु दीनदयाळांनी रुडकीच्या टॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला आणि तेथील शिक्षणक्रम पुरा करून १८६६ साली ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत मुख्य एस्टिमेटर व ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. इमारतीचा खर्च आगाऊ काढणे व तिचे नकाशे रेखाटणे हे त्यांचे काम. खर्चाचा अंदाज अचूक बांधण्याची ही विद्या पुढे त्यांच्या किती उपयोगी पडली, आणि दरबारी जगात ती कोठे अपुरी पडली, हे त्यांच्या चरित्राच्या ओघात दिसून येईल.

इंदूर हे होळकरांचे राजधानीचे नगर. गादीवर दुसरे तुकोजीराव महाराज होते. या मराठी दरबाराच्या छायेतच दीनदयाळांच्या कलाजीवनाचा आरंभ झाला, ही गोष्ट मराठी वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यांनी छायाचित्रण हाती घेतले ते केवळ छंद म्हणून. तुकोजीराव महाराजांनी व मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांचे हे कसब पाहून त्यांना उत्तेजन दिले. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स यांची स्वारी हिंदुस्थानात आली, तेव्हा त्या प्रसंगाची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळांना लाभली. त्याच दशकात त्यांनी इंदुरास आपला स्टुडिओ थाटला. दिवसा सरकारी कचेरी आणि उरलेल्या वेळात काचा व रसायने, असा हा दुहेरी संसार पुढे कित्येक वर्षे चालला.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे आजच्या पिढीला कल्पना येणार नाही असे कष्टाचे काम होते. प्रथम काचेवर कलोडिअनचा चिकट थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. काच वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत ती धुऊन काढली नाही तर सर्व श्रम वाया. उन्हाळ्यात थर लवकर सुके, पावसाळ्यात उजेड नसे. १८८० नंतर विलायतेहून तयार कोरड्या काचा येऊ लागल्या तेव्हा ही धावपळ कमी झाली. तरीही काच, कागद, भिंगे यांसाठी परदेशाकडेच पाहावे लागे. चित्र उमटविण्यास चांदीचे आणि त्याला टिकाऊ तपकिरी छटा आणण्यास सोन्याचे क्षार लागत. जवाहिऱ्याच्या मुलाला सोन्याचांदीशी असलेला संबंध अखेर सुटला नाही, तो केवळ रूप बदलून पुढे चालू राहिला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१८८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंड व मध्य हिंदुस्थानचा प्रवास केला आणि तेथील किल्ले, मंदिरे व राजवाडे यांची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी ८६ चित्रांचा संग्रह पुढे मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंचा ग्रंथ म्हणून प्रकाशात आला. नकाशे काढून तयार झालेली नजर या चित्रांत जागोजाग प्रत्ययास येते. वास्तूची रेषा कोठे ढळलेली नाही, छाया कोठे अवजड झालेली नाही. कीर्ती झाली, परंतु किल्ले आणि देवळे पैसे देत नाहीत. पैसे देतो तो माणूस, आणि तोही स्वतःचे मुख सुंदर उमटले तर! हे व्यावहारिक सत्य दीनदयाळांनी पुरते ओळखले होते. पुढे त्यांनी स्थळचित्रे कधीच सोडली नाहीत. मात्र पेढीचा रोजचा खर्च ज्यावर भागेल असा आधार त्यांनी मुखचित्रातच शोधला.

१८८५ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी व्हाइसरॉयांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि त्याच सुमारास हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना आपले दरबारी छायाचित्रकार केले. सुमारे वीस वर्षांची सरकारी नोकरी, तिची नियमित प्राप्ती आणि निश्चित भविष्य हे सारे मागे ठेवून चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाने इंदूर सोडले व दक्षिणेची वाट धरली. बायकामुले पदरी असताना नोकरीचा त्याग करून नव्या, बेभरवशाच्या धंद्यावर सर्व भार टाकणे हे त्या काळी सुज्ञपणाचे लक्षण खासच मानले जात नसे.

हैदराबाद तेव्हा ऐन वैभवात होते. निजाम जेमतेम विशीचे. १८८४ साली राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आलेली. पायगा घराण्यांतील अमीर-उमराव, त्यांचे महाल, शिकारी, मेजवान्या, युरोपीय पाहुण्यांचे स्वागतसमारंभ यांनी ही नगरी सदैव गजबजलेली असे. दीनदयाळांनी हे सारे टिपले. चौमहल्ला व फलकनुमा यांसारख्या महालांची दालने, वाघाच्या शिकारीची पथके, हत्तींच्या मिरवणुका, लष्करी कवायती, इत्यादी विषयांवरील त्यांची चित्रे आज त्या लुप्त झालेल्या जगाचा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरली आहेत. १८९४ च्या सुमारास निजामांनी त्यांना राजा बहादुर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. तलवार गाजविणाऱ्यांना मिळणारी जंग ही पदवी कॅमेरा धरणाऱ्याला मिळाली, हे विशेषच म्हणावे लागेल. तत्पूर्वी १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला होता, आणि १८९७ साली खुद्द राणी व्हिक्टोरियाचा शाही परवाना त्यांना मिळाला.

येथवरचा वृत्तान्त वाचून लालाजींचे सर्व जीवन दरबारी कृपेच्या सावलीत सुखाने गेले, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु किताबाने दुकानाचे भाडे भरले जात नाही. संस्थानी दरबारांतून देणी हाती पडण्याची रीत त्या काळी सर्वत्र संथच होती. काम आज, हुकूम उद्या आणि पैसा केव्हा तरी. शिवाय दरबारी मंडळींना हवी असणारी मोठी चित्रे, सोनेरी बांधणीचे आल्बम, मखमली पेट्या यांचा खर्च आधी पेढीने सोसावयाचा. केवळ अशा आश्रयावर विसंबून राहणारा कलावंत कर्जात बुडाल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच लालाजींनी अगदी आरंभापासून दरबाराच्या जोडीला बाजार ठेवला. त्यांच्या व्यवहारचातुर्याचे मर्म येथे आहे.

१८८६ च्या सुमारास त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ उघडला. जागेची ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. हुसेनसागराच्या पलीकडे वसलेले सिकंदराबाद ही इंग्रजांची मोठी छावणी. तेथे पलटणी येत आणि जात. येणारा प्रत्येक अधिकारी मायदेशी धाडण्यासाठी स्वतःचा गणवेशातील फोटो काढवी. बदलीच्या वेळी पलटणीचा समूहफोटो होई. पोलोचा संघ जिंकला की पुन्हा कॅमेरा लागे. लग्ने, बारशी, नाटके, सहली यांना तर अंतच नव्हता. हे ग्राहक निजामांसारखे वैभवशाली नव्हते, पण रोख पैसे देणारे होते. हळूहळू शहरातील वकील, सावकार, कारकून, पारशी व्यापारी, हिंदू-मुसलमान गृहस्थ हेही सहकुटुंब येऊ लागले. फोटो काढल्याने आयुष्य घटते ही समजूत तेव्हा लोकांत बरीच दृढ होती. तिच्यावर मात केली ती शेजाऱ्याच्या भिंतीवर लागलेल्या तसबिरीने.

अशा स्टुडिओतील मुखचित्राची रीत ठरलेली होती. छताला किंवा भिंतीला उत्तरेकडून काचेची मोठी झडप, म्हणजे प्रखर ऊन आत न येता सौम्य उजेड सारखा पसरतो. मागे रंगविलेला पडदा, पुढे गालिचा, एखादे मेज, फुलदाणी. ग्राहकाने हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत, तो चित्रात दिसत नसे. काच धुऊन झाली की रिटचिंग करणारा कारागीर बारीक पेन्सिलीने तिच्यावरचे डाग झाकी, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सौम्य करी. देवीचे व्रण किती झाकावयाचे आणि चेहऱ्याची ओळख किती राखावयाची, हा या धंद्यातील नाजूक प्रश्न. फार झाकले तर घरची माणसे ओळखणार नाहीत. कमी झाकले तर गिऱ्हाईक परत येणार नाही. लालाजींच्या चित्रांतील माणसे पाहताना हा समतोल मनात भरतो. त्यांच्या उमरावाच्या चेहऱ्यावर डौल आहे, पण त्याचा थकवाही लपलेला नाही.

त्यातही खरा धनलाभ पहिल्या प्रतीत नसे, पुढच्या प्रतींत असे. काच जपून ठेवली की तिच्यावरून कितीही प्रती काढता येतात. व्हिजिटिंग कार्डाएवढी लहान प्रत आप्तेष्टांना वाटण्यास, तिच्याहून मोठी कॅबिनेट प्रत मेजावर ठेवण्यास, आणि भिंतीसाठी मोठे चित्र, असे वेगवेगळे आकार. म्हणून पेढीत प्रत्येक काचेला क्रमांक असे व वहीत तिची नोंद असे. एस्टिमेटरच्या जुन्या कचेरीची शिस्त येथे कामास आली. गिऱ्हाईक पाच वर्षांनी आले आणि त्याला मृत पित्याच्या चित्राची प्रत हवी असली, तर क्रमांकावरून काच काढावयाची आणि प्रत तयार. कित्येक घरांत वडिलांचे रूप म्हणून जे काही उरले ते या वहीमुळेच, हे विसरता येत नाही.

१८९२ साली लालाजींनी हैदराबादेत जो उपक्रम केला तो त्यांच्या कल्पकतेचा कळस होय. शहरातील निम्मी माणसे, म्हणजे घरंदाज स्त्रिया, पडद्यात राहत. परपुरुषासमोर बसून फोटो काढविणे त्यांना अशक्य. तेव्हा लालाजींनी केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला. सभोवार उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, आणि कारभार श्रीमती केनी-लेव्हिक नावाच्या युरोपीय बाईंच्या हाती. पडद्याची गाडी आत येऊन थांबे, आणि हवेलीतील बेगमा, सुना, मुली निःशंकपणे खाली उतरत. आयुष्यभर जिची छबी घराबाहेरच्या कोणी पाहिली नव्हती अशी स्त्री येथे स्वतःची प्रतिमा प्रथम हातात धरी. या उद्योगात धंद्याचा हिशेब होता हे उघड आहे; परंतु ग्राहकाची मर्यादा राखूनच त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे, ही त्यामागील वृत्ती केवळ हिशेबी नव्हती.

पेढीचा पसारा वाढत गेला. ग्यानचंद व धरमचंद हे दोघे पुत्र हाताशी आले. काचा तयार करणारे, छापणारे, रिटचिंग करणारे, चौकटी बसविणारे, हिशेबनीस अशा कित्येक माणसांची पोटे या एका नावावर अवलंबून राहिली. १८९६ साली लालाजींनी मुंबईत हॉर्नबी रोडवर भव्य स्टुडिओ उघडला. मुंबईचा ग्राहक धनाढ्य होता, परंतु तेथे स्पर्धाही कठीण होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झालेली; डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या मराठी माणसांनी हे क्षेत्र केव्हाच पादाक्रांत केलेले. शिवाय त्याच १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि लोक शहर सोडून जाऊ लागले. इतक्या मोठ्या खर्चाच्या दुकानाला याहून वाईट मुहूर्त सापडला नसता.

मराठवाडा तेव्हा निजामांच्या राज्यात होता. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, औरंगाबाद शहर येथेही लालाजींचा कॅमेरा पोहोचला. परंतु या प्रदेशातील त्यांची जी चित्रे सर्वांत अधिक अंतःकरणाला भिडतात ती महालांची वा लेण्यांची नव्हेत. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबादकडे अन्नछत्रांच्या दारी व कामांवर गोळा झालेल्या लोकांची छायाचित्रे त्यांनी घेतली. निजाम सरकारने केलेल्या मदतकार्याची नोंद ठेवणे हा त्यामागील हेतू. हाडांचे सापळे झालेली माणसे रांगेने बसली आहेत आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. त्यांनी फोटोसाठी दाम दिला नव्हता, त्यांना प्रतही मिळावयाची नव्हती. ज्या हाताने अमीरांच्या अंगावरील मोत्यांच्या माळा उजळून दाखविल्या त्याच हाताने या फासळ्याही तितक्याच स्पष्ट दाखविल्या. येथे रिटचिंगची पेन्सिल चाललेली नाही.

१९०२ साली लालाजींच्या घरी एक विख्यात अतिथी आले. राजा रविवर्मा आणि त्यांचे बंधू सी. राजा राजा वर्मा हे निजामांचे चित्र रंगविण्याचे काम मिळेल या आशेने हैदराबादेस आले व दीनदयाळांकडे उतरले. रविवर्म्यांची कीर्ती तेव्हा आसेतुहिमाचल पसरलेली. बडोद्यासारख्या दरबारांनी त्यांना मोठ्या सन्मानाने बोलाविलेले; मुंबईजवळ काढलेल्या छापखान्यामुळे त्यांची देवदेवतांची चित्रे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेली. परंतु हैदराबादेत त्यांनाही वाटच पाहावी लागली. दिवसांमागून दिवस गेले. अपेक्षित काम हाती आले नाही आणि बंधुद्वयाला विन्मुख परतावे लागले. एक रंगाने मुखचित्र काढणारा, दुसरा प्रकाशाने; दोघेही राजा म्हणविले जाणारे, दोघांच्याही पेढीवर अनेकांचे संसार चाललेले. राजदरबाराच्या कृपेची किंमत यजमान जितकी जाणत होता तितकी पाहुण्यालाही त्या मुक्कामात कळली असावी. रविवर्म्यांना छापखान्याने हात दिला नव्हता, उलट कर्जात लोटले होते, आणि तो त्यांना विकावा लागला होता. दीनदयाळांच्या हाती मात्र छावणीतील ग्राहक अजून होता.

त्यानंतरची वर्षे थोडीच आहेत. १९०३ च्या आरंभी दिल्लीत भरलेल्या दरबाराची छायाचित्रे पेढीने घेतली. १९०४ साली धरमचंद निवर्तले. कर्तृत्वाच्या ऐन भरात असलेल्या पुत्राच्या मृत्यूने लालाजी खचले, आणि पुढच्याच वर्षी, १९०५ साली, वयाच्या साठीनंतर त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्याच वर्षी राजा राजा वर्मा गेले, १९०६ साली रविवर्माही गेले.

ग्यानचंदांनी पेढी पुढे चालविली. १९०८ साली मुसा नदीला आलेल्या महापुराने हैदराबादचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, त्याची छायाचित्रे याच पेढीची. परंतु १९११ साली महबूब अली खान पैगंबरवासी झाले आणि दरबारातील जुना जिव्हाळा सरला. त्यातच हातात धरता येणारे सुटसुटीत कॅमेरे बाजारात आले. जो अधिकारी पूर्वी स्टुडिओची पायरी चढत असे तोच आता आपल्या व्हरांड्यात स्वतःच फोटो काढू लागला. पेढीचा पूर्वीचा विस्तार पुन्हा कधी झाला नाही.

राहिल्या त्या काचा. प्रती ग्राहकांच्या घरी गेल्या, आल्बम राजेरजवाड्यांच्या कपाटांत गेले, परंतु पुन्हा प्रत काढता यावी म्हणून क्रमांक घालून जपलेल्या काचा वंशजांपाशीच राहिल्या. त्यांतील २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या, आणि २००६ साली भारतीय टपाल खात्याने लालाजींच्या नावे तिकीट काढले.